पॉइंट, कंडेन्सर आणि परोपकार

मोटारीच्या आयुष्याचे टप्पे ठरवण्याचे काम भारतात सरकारने स्वतःकडे घेतलेले असून, मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिला परिवहन कार्यालयात नेऊन, ती अजूनही गाडीच आहे, असे निरीक्षकाला पटवून द्यावे लागते. या पटवण्याचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, ते एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले. दुसरीकडे, केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार, मूळ रूपात जपलेल्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटल्यावर ‘व्हिंटेज’ हा दर्जा व त्यासाठीच्या वेगळ्या मालिकेतील क्रमांक मिळू शकतो. मात्र मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, तर प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच बाहेर काढता येते. या शेवटच्या कारणाचे मालकांना विशेष अप्रूप वाटण्याचे कारण नाही, कारण त्यांच्या गाड्या गेली कित्येक वर्षे बहुतांशी त्याच एका कारणासाठी बाहेर पडत आलेल्या आहेत.

पंधरा आणि पन्नास यांच्या मधल्या पस्तीस वर्षांत गाडी तरुणही नसते आणि पूज्यही नसते. या काळात तिच्या मालकाला कर भरण्याच्या सूचनेखेरीज कोणतेही अधिकृत मार्गदर्शन मिळत नाही. बनवणारी कंपनी बहुधा तो धंदा सोडून गेलेली असते, गाडीबरोबर आलेले माहितीपुस्तक पहिल्या मालकाच्या घर बदलण्यात गहाळ झालेले असते आणि नव्या गाड्यांच्या चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये तिला दारातूनच परत पाठवले जाते. ही पोकळी ज्या ज्ञानाने भरून निघते त्याला येथे ‘परस्परसल्ला’ म्हटले आहे. एका जुन्या गाडीच्या मालकाने दुसऱ्या जुन्या गाडीच्या मालकाला, बॉनेट उघडे असताना, न विचारता दिलेले मार्गदर्शन, अशी त्याची व्याख्या करता येईल. यातील ‘न विचारता’ हा भाग वगळता येत नाही, कारण विचारून मिळणारा सल्ला गॅरेजमध्ये उपलब्ध असतो आणि त्याचे पैसे पडतात.

या ज्ञानशाखेच्या अभ्यासासाठी प्रीमियर पद्मिनीइतके समृद्ध उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने ‘फियाट ११००’ तयार होऊ लागली, १९६४ मध्ये तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले, पुढे सहकार्याचा करार संपल्यावर ती ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. नाव तीनदा बदलले तरी लोक तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले, यावरून जाहिरातींचा मराठी मनावरील परिणाम मोजता येतो. १,०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला हातगिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक हा तिचा संसार जवळजवळ न बदलता तीन दशकांहून अधिक काळ चालला. परवान्यांच्या राज्यात ही गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे; साहजिकच, इतक्या प्रतीक्षेनंतर घरी आलेली वस्तू बिघडली म्हणून टाकून द्यावी हा विचार त्या पिढीला शिवला नाही. शतक संपता संपता उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरवलेले असल्यामुळे, ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि काळ्या-पिवळ्या रंगातील ही गाडी शहरातून अधिकृतपणे निवृत्त झाली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत, आणि जेथे त्या आहेत तेथे परस्परसल्ला जोमाने चालू आहे.

हा सल्ला संभवतो त्याचे पहिले कारण भौतिक आहे. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले असता प्लॅस्टिकचे एक काळे झाकण दिसते आणि त्यावर कंपनीचे नाव दिसते, ज्यावरून कोणालाही काही सुचवता येत नाही. पद्मिनीचे बॉनेट उघडले असता इंजिन दिसते. कार्बोरेटर कोठे आहे, डिस्ट्रिब्यूटर कोठे आहे, कोणती वायर कोणत्या प्लगला जाते आणि त्यांपैकी कोणती जात नाही, हे रस्त्याने भाजी घेऊन चाललेल्या गृहस्थालाही कळते. आणि कळलेली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे हे त्या गृहस्थाच्या संस्कारांत बसत नाही. म्हणून बॉनेट उघडल्यापासून काही मिनिटांतच गाडीभोवती एक छोटी सभा भरते. तिला अध्यक्ष नसतो, पण अध्यक्षीय समारोप प्रत्येक जण करतो.

या सभेच्या कामकाजाचे बारकाईने निरीक्षण केल्यास एक नियम हाती लागतो आणि तोच प्रस्तुत लेखाचा मुख्य सिद्धान्त होय: सल्ला हा समोरच्या गाडीच्या बिघाडावरून ठरत नसून सल्लागाराच्या स्वतःच्या गाडीच्या शेवटच्या बिलावरून ठरतो. ज्याने मागच्या महिन्यात क्लच प्लेट बदलली त्याला जगातील प्रत्येक गाडीची क्लच प्लेट झिजलेली वाटते. ज्याचा फ्युएल पंप नुकताच दुरुस्त झाला तो पंपाखेरीज दुसऱ्या कशाकडे बोट दाखवत नाही. आणि ज्याने मोठ्या खर्चाने इंजिन रीबोअर करून घेतले, म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडे रुंद करून त्यांत मोठ्या मापाचे पिस्टन बसवले, तो टायर पंक्चर झालेल्या माणसालाही रीबोअरच सुचवतो. यामागे दुष्टावा नसतो. खर्च झालेल्या पैशाचे ज्ञानात रूपांतर करून त्यातले थोडे तरी वसूल करावे, ही नैसर्गिक आणि एका अर्थी परोपकारी प्रवृत्ती आहे.

सिद्धान्ताच्या पडताळणीसाठी ‘मिसिंग’ हा विकार घेता येईल. चार सिलिंडरांपैकी एखाद्यात इंधन वेळेवर पेटत नाही, इंजिन आचके देते आणि गाडी चालताना मान हलवल्यासारखी पुढेमागे होते, त्याला गॅरेजच्या परिभाषेत मिसिंग म्हणतात. पहिला सल्लागार सांगतो, “अहो, पॉइंट साफ करा.” पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधील दोन लहान धातूची टोके, इंजिन फिरते तशी ती उघडतात आणि मिटतात, आणि त्यांच्या उघडण्यातून प्लगला ठिणगी मिळते. ती जळून काळी पडतात, त्यांच्यातील अर्ध्या मिलिमीटरच्याही आतले अंतर बदलते आणि ठिणगी रुसते. हे अंतर मोजण्यासाठी फिलर गेज नावाच्या पातळ पात्यांचा जुडगा असतो, परंतु परस्परसल्ल्याच्या परंपरेत तो कोणाकडेही नसतो. तेथे दाढीचे पाते, काडेपेटीचा पुठ्ठा किंवा व्हिजिटिंग कार्ड वापरले जाते, आणि कोणाचे कार्ड चांगले बसते यावर त्या माणसाविषयीचे मतही किंचित बदलते.

दुसरा सल्लागार पॉइंटला हात लावू देत नाही. “पॉइंट कशाला घासता साहेब, कंडेन्सर गेलाय.” कंडेन्सर हे पॉइंटच्या शेजारी बसवलेले बोटाच्या पेराएवढे नळकांडे असून, पॉइंट उघडताना तेथेच ठिणगी पडून वाया जाऊ नये, ही त्याची जबाबदारी. त्याचा स्वभाव असा की सकाळी तो निरोगी असतो, इंजिन तापले की ढासळतो आणि थंड झाले की पुन्हा सज्जन होतो. त्यामुळे गाडी रस्त्यात बंद पडते, आणि मेकॅनिक येईपर्यंत इतकी व्यवस्थित सुरू होते की मालकाच्या बोलण्यावरचा विश्वासच उडावा. तिसऱ्याच्या मते दोघांनाही काही कळत नाही आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा आहे. चौथा बराच वेळ गप्प असतो, मग इंजिनाला कान लावतो आणि “व्हॉल्व्ह जळालेत” एवढेच म्हणून मालकाकडे करुणेने पाहतो, कारण व्हॉल्व्हचे काम म्हणजे इंजिनाचे डोके उतरवणे आणि इंजिनाचे डोके उतरवणे म्हणजे दिवाळीचा बोनस.

येथे या ज्ञानशाखेचे खरे वैशिष्ट्य उघड होते. मालक, कोणालाच दुखवायचे नसल्यामुळे आणि कोणावरच पूर्ण विश्वास नसल्यामुळे, चारही उपाय एकाच दिवशी करून घेतो. गाडी नीट होते. आता कोणत्या उपायाने ती नीट झाली हे ठरवण्याचा मार्ग उरत नाही आणि चारही सल्लागार आपापल्या जागी सिद्ध होतात. त्यानंतर ते आपला सिद्धान्त दुप्पट आत्मविश्वासाने पुढच्या बॉनेटकडे घेऊन जातात. विज्ञानात एका वेळी एकच घटक बदलावा असा दंडक आहे. जुन्या गाडीच्या बाबतीत तो पाळणे शक्य नसते, कारण मेकॅनिक पुन्हा पुन्हा मिळत नाही आणि ऑफिसला सुटी तर अजिबात मिळत नाही. अशा रीतीने परस्परसल्ल्याच्या इतिहासात एकही सल्ला आजवर खोटा ठरलेला नाही. फार तर ‘नीट केला नसेल’ एवढाच निष्कर्ष निघतो, आणि तोही करणाऱ्याविषयी.

कार्बोरेटरच्या संदर्भात दोन संप्रदाय आहेत आणि त्यांच्यातील वाद अद्याप मिटलेला नाही. पेट्रोल आणि हवा यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करून इंजिनाला पुरवणारे हे भांडे. त्यातील जेट म्हणजे अत्यंत बारीक भोक पाडलेली पितळेची पुळी. टाकीतील गंजाचा एखादा कण त्या भोकात अडकला की गाडी गुदमरते. एक संप्रदाय जेट काढून त्यात फुंकर मारावी असे मानतो, दुसरा त्यात बारीक तार घालावी असे मानतो. तांत्रिकदृष्ट्या फुंकरवाद्यांचे म्हणणे योग्य आहे, कारण पितळ मऊ असल्यामुळे तारेने भोक मोठे होते आणि मग गाडी पेट्रोल पिते. तथापि तारवाद्यांकडे अनुभवाचा मुद्दा आहे: फुंकर मारणाऱ्याच्या तोंडाला पेट्रोलची चव दिवसभर राहते, हे कोणीही नाकारत नाही. वास्तविक या वादाचे मूळ टाकीत आहे. टाकी उतरवून धुतली आणि वाटेत एक साधे पेट्रोल फिल्टर बसवले तर दोन्ही संप्रदायांचे काम संपते. कदाचित म्हणूनच टाकी धुवावी असे दोघांपैकी कोणीही आग्रहाने सांगत नाही.

या ज्ञानाची कसोटी मात्र घाटात लागते. बोरघाटात, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, चढ चढता चढता पद्मिनी अचानक थांबते. रेडिएटरमध्ये पाणी असते, टाकीत पेट्रोल असते, प्लगला ठिणगी असते, आणि तरीही गाडी सुरू होत नाही. यास व्हेपर लॉक म्हणतात. पद्मिनीचा पेट्रोल पंप, ज्याला गॅरेजमध्ये ‘एसी पंप’ या नावाने ओळखले जाते आणि ज्याचा थंड हवेशी कसलाही संबंध नाही, इंजिनाच्या अंगाला चिकटलेला असतो. चढावर इंजिन तापते, पंप तापतो, त्यातील पेट्रोलची वाफ होते आणि द्रव ढकलण्यासाठी बनवलेला पंप वाफेपुढे हतबल होऊन नुसताच हलत राहतो. त्यावरचा उपाय टॅक्सीचालकांनी केव्हाच शोधून काढला होता: पंपावर ओले फडके गुंडाळायचे. फडक्यातील पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, पंप निवतो, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. परस्परसल्ल्यातील हा सर्वांत निर्मळ, सर्वांत स्वस्त आणि भौतिकशास्त्राच्या कसोटीला पूर्णपणे उतरणारा सल्ला आहे. वाद आहे तो फक्त फडके कशाचे असावे याबद्दल. एका पक्षाला जुनी बनियन अधिक पाणी धरते असे वाटते, तर दुसऱ्याच्या मते पंचा. आणि घाटात गाडी थांबलेली असताना, शिंग्रोबाच्या देवळाजवळ, मागून ट्रकांचे भोंगे वाजत असताना, हा मुद्दा निकालात काढण्याइतका वेळ दोन्ही पक्षांकडे असतो.

स्वयंपाकघरातून आलेले उपाय हा या शास्त्राचा दुसरा मोठा विभाग होय. रेडिएटरला बारीक गळती लागल्यास त्यात हळद टाकावी, हा उपाय ट्रकचालकांकडून मोटारमालकांकडे आला. हळदीची पूड पाण्याबरोबर फिरत फिरत भोकाशी जाते, तेथे फुगून बसते आणि गळती थांबते. उपाय खरा आहे. अडचण एवढीच की हळदीला कोणते भोक बुजवायचे आणि कोणते सोडायचे हे समजत नाही; रेडिएटरच्या निरोगी नळ्यांतही ती तेवढ्याच निष्ठेने बसते आणि काही दिवसांनी गाडी गळत नाही पण तापते. हळद सुचवणारा सल्लागार तेव्हा भेटल्यास तो चांगल्या रेडिएटरवाल्याचा पत्ता देतो. पेट्रोलच्या टाकीची गळती थांबवण्यासाठी कपडे धुण्याच्या साबणाची वडी चोळणे हा उपाय त्या मानाने पुष्कळच प्रामाणिक आहे, कारण साबण पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही आणि घरापर्यंत टिकतो. पावसात वायपर बंद पडला तर काचेवर कापलेला बटाटा किंवा तंबाखू चोळावी म्हणजे पाण्याचे थेंब न धरता पातळ थर वाहून जातो. यामुळे पूर्वी लांबच्या प्रवासात एखादा तंबाखू खाणारा सोबती असणे ही सोय मानली जाई आणि त्याच्या व्यसनाबद्दल घाटापुरते कोणी काही बोलत नसे.

कोकणात आणि गोव्यात सल्ल्याचा सूर बदलतो, कारण तेथे शत्रू उष्णता नसून खारी हवा असते. पद्मिनीला वेगळी चासी नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा, त्यामुळे पत्रा सडला म्हणजे केवळ सौंदर्य जाते असे नाही, तर जॅक लावताच गाडी वर येण्याऐवजी जॅक आत जातो. तेथील अनुभवी मालक म्हणून पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला जळके इंजिन ऑइल फवारून घेतात, ज्याने पत्रा व कमानपाटे वाचतात आणि रबरी बुश खराब होतात. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी मुळातच ठेवलेली लहान भोके चिखलाने बुजलेली असतात, ती वर्षातून एकदा काडीने मोकळी करावीत, हा याहून कितीतरी उपयुक्त सल्ला; परंतु तो इतका सोपा आणि बिनखर्ची आहे की देणाऱ्यालाही त्याची थोडी लाज वाटते.

आवाजांचे शास्त्र येथे स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. मराठी भाषेत ध्वनींचे अनुकरण करणाऱ्या शब्दांची जी विपुलता आहे तिचा पूर्ण उपयोग साहित्यिकांनी नव्हे, तर जुन्या गाड्यांच्या मालकांनी केला. टॅपेटची टकटक, बेअरिंगची घरघर, फॅन बेल्टची चीं-चीं, सायलेन्सरची फटफट, दाराची खडखड, ब्रेकची किरकिर आणि खड्ड्यातून जाताना खालून कोठून तरी येणारा ‘डुक’ असा एक आवाज, जो पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो पण सापडत नाही. यांपैकी टॅपेटविषयीचा सल्ला मोलाचा आहे. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याच्या यंत्रणेतील, अंतर कमीजास्त करता येणारा सांधा. ते अंतर थोडे जास्त असले तर तो वाजतो आणि कमी असले तर गप्प राहतो, परंतु मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही व जळतो. म्हणून वाजणारे टॅपेट शांत टॅपेटपेक्षा बरे, हे जुने मालक नव्यांना निक्षून सांगतात. संसाराविषयी त्यांचे काय मत असते ते या वाक्यावरून ठरवू नये.

इंधनाने या शास्त्रात अलीकडे दोनदा क्रांती केली. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा जुन्या मालकांत शोककळा पसरली, कारण पेट्रोलमधील शिसे हवेला विषारी असले तरी जुन्या इंजिनांतील व्हॉल्व्हच्या बैठकींना घासण्यापासून वाचवत असे. त्यानंतर व्हॉल्व्हचा प्रत्येक बिघाड सरकारच्या खात्यावर मांडला गेला. व्हॉल्व्ह पूर्वीही जळत असत, हे आठवणे गैरसोयीचे होते. दुसरी क्रांती इथेनॉलची. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळणे रूढ झाले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, काही जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व गॅस्केट फुगवते किंवा ठिसूळ करते, आणि त्यात पेट्रोलच्या मानाने सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असल्यामुळे ॲव्हरेजही थोडे घटते. हे सर्व खरे आहे आणि त्यावरचा उपायही ठाऊक आहे: जुन्या नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या टाकाव्यात, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असल्यास कार्बोरेटर रिकामा करावा. परंतु यात पश्चिम महाराष्ट्रातील एका वर्गाची जी कोंडी झाली आहे तिची नोंद घ्यावी लागते. इथेनॉल मुख्यतः उसापासून व धान्यापासून होते. सांगली-कोल्हापूरकडील ऊस उत्पादक मालकाला इथेनॉलमुळे कारखान्याकडून चांगला भाव मिळावा असे वाटते आणि त्याच वेळी त्याच्या दारात उभ्या असलेल्या वडिलांच्या फियाटची नळी ते खाते. अशा घरी या विषयावर सल्ला देताना, नळीची बाजू घ्यावी की उसाची, हे आधी यजमानाचे शेत पाहून ठरवावे लागते.

सुट्या भागांच्या बाबतीत परस्परसल्ला हा सल्ल्यापेक्षा भूगोल अधिक असतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउसचा परिसर, कोल्हापुरात उद्यमनगर ही या मार्गावरील मुख्य स्थाने. नाना पेठेत वस्तू मिळते. उद्यमनगरात न मिळणारी वस्तू लेथवर बनवून मिळते. दुकानदार ‘ओरिजिनल’, ‘लोकल’ आणि ‘काढलेला’ अशा तीन प्रती सांगतो, त्यांतील तिसरीचा अर्थ मोडीत गेलेल्या गाडीतून काढलेला असा असून, अनुभवी मालक तीच मागतात, कारण नव्या लोकल भागाने अजून काही सिद्ध केलेले नसते, तर काढलेला भाग निदान एका गाडीचा अंत पाहून आलेला असतो. यातूनच घरी साठा करण्याची वृत्ती बळावते. डिक्कीत दोन कॉइल, तीन कंडेन्सर, एक फॅन बेल्ट आणि कशाचा आहे हे न कळणारा पण टाकवत नाही असा एक स्क्रू घेऊन फिरणाऱ्या मालकाची गाडी सहसा बंद पडत नाही. दुसऱ्याची बंद पडलेली दिसली की तो मात्र गाडी बाजूला घेऊन उतरतो आणि आपल्याकडील कंडेन्सर देऊ करतो. हा कंडेन्सर चालू आहे की बंद, हे त्यालाही निश्चित ठाऊक नसते.

मेकॅनिकचे या व्यवस्थेतील स्थान नाजूक आहे. तो सर्वांचे ऐकतो, मान डोलावतो, “बघू साहेब” म्हणतो आणि जे करायचे ते करतो. गॅरेजच्या दारात सल्ला घेऊन येणारा मालक त्याच्या रोजच्या कामाचा भाग असतो. जुन्या पिढीतील मेकॅनिक असा सल्ला तोडत नाहीत, कारण ग्राहकाच्या तोंडून आलेला रोग दुरुस्त केल्याचे पैसे मिळतात आणि खरा रोग तर दुरुस्त करायचाच असतो. पद्मिनीचे काम जाणणारे असे हात आता कमी झाले असून, उरलेल्यांचे पत्ते मालक एकमेकांना जितक्या आनंदाने देतात तितक्याच तत्परतेने, “तो आता काम घेत नाही,” असेही सांगतात. दुसरे विधान स्वतःच्या गाडीचे काम रखडू नये म्हणून केलेले असण्याचा संभव असतो.

सल्ल्याचा सर्वांत मोठा साठा हस्तांतरित होतो तो गाडी विकताना. मालकी बदलण्यासाठी परिवहन खात्याचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरावे लागतात, परंतु त्या दोहोंतही गाडीच्या स्वभावाविषयी एकही रकाना नाही. म्हणून विकणारा मालक विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीमागे आवश्यक सूचना लिहून देतो: पेट्रोलचा काटा अर्ध्यावर दिसला की टाकी रिकामी समजावी, मागचे उजवे दार किंचित वर उचलून उघडावे, डाव्या वळणावर हॉर्न वाजल्यास घाबरू नये, आणि स्टार्टर अडकल्यास गाडी टॉप गिअरमध्ये टाकून पुढेमागे हलवावी. हा कागद नवा मालक डॅशबोर्डच्या खणात ठेवायला जातो, तेव्हा तेथे त्याच्याही आधीच्या मालकाने लिहिलेला एक कागद सापडतो, आणि दोन्ही कागद बऱ्याच बाबतींत एकमेकांशी सहमत असले तरी चोकच्या बाबतीत नसतात. चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी झडप. डॅशबोर्डवरील बटण ओढले की तारेने ती मिटते. पहिल्या कागदावर ‘सकाळी चोक पूर्ण ओढल्याशिवाय सुरू होत नाही’ असे लिहिलेले असते आणि दुसऱ्यावर ‘चोक कधीही ओढू नये’ असे. दोन्ही मालकांनी ती गाडी वर्षानुवर्षे विनातक्रार सुरू केलेली असते. नवा मालक गाडी मेकॅनिककडे नेतो; मेकॅनिक पाहतो तर चोकची तार दुसऱ्या टोकाला कशालाच जोडलेली नसते, आणि तिच्यावरचा गंज पाहता कित्येक वर्षांत ती जोडलेली नसावी. तो ती साफ करतो, जोडून देतो आणि त्याचे पैसे घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा मालक पहिल्या कागदाप्रमाणे चोक पूर्ण ओढतो, सिलिंडरांत नको इतके पेट्रोल जाते, गाडी ओव्हरफ्लो होते आणि सुरू होत नाही.